बातमीनंतरचं वाक्य

अगं, खोली मिळाली, गॅसची नळी बदलून झाली, धाकट्याला बालवाडीत घातलंस, सोमवारी नव्या ऑफिसात रुजू होणार. सगळं मार्गी लागलं. पण काल फोन ठेवता ठेवता जे विचारलंस, त्यासाठीच तू फोन केला होतास, हे मला कळलं होतं. "ताई, तिथे मला कुणीच ओळखत नाही. मुलं किती असं विचारलं तर काय सांगू?"

विचारतील. बुधवारपर्यंत नक्की विचारतील. डबे उघडले, लोणचं फिरलं की आपल्या बायकांचे प्रश्न ठरलेले. गाव कुठलं, माहेर कुठलं, मिस्टर काय करतात आणि मुलं किती. दुसरी पोळी संपायच्या आत चारही होऊन जातात. त्यात खोट नसते. नव्या बाईला आपल्यात बसवून घ्यायची ती रीतच आहे.

जुन्या ऑफिसात तुझी मोठी गेली हे तुला एकदाही सांगावं लागलं नाही. तिथले सगळे हॉस्पिटलच्या खाली उभे होते, दिवसांना घरी आले होते, आवक-जावकच्या मावशींनी तर महिनाभर तुझा डबा आणला. त्यांना ठाऊकच होतं. इथे पहिल्यांदा ते तुझ्या तोंडून बाहेर पडायचं आहे. आम्ही घर बदललं तेव्हा माझंही हेच झालं होतं. जुन्या वाड्यात माझ्या थोरल्याला सगळे ओळखत होते. नव्या सोसायटीत लिफ्टमध्ये भेटलेल्या बाईला तो कधी होता हेच माहीत नव्हतं, आणि हे कळेपर्यंत मी तिथे कुणालाच भेटले नव्हते, असं मला वाटत राहायचं.

तर पहिली गोष्ट. प्रत्येकाला सांगायलाच हवं अशी शपथ तू घेतलेली नाहीस. एसटीत शेजारी बसलेली बाई शिरूरला उतरणार आहे. तिने विचारलं, तर "एकच आहे, बालवाडीत जातो" म्हण आणि खिडकीबाहेर बघ. ते खोटं नाही. मला माहीत आहे, असं म्हटलं की रात्री अंथरुणावर पडल्यावर वाटतं, आपण तिला पुसून टाकलं. नाही गं पुसलं. तुझी लेक एसटीतल्या बाईच्या उत्तरावर अवलंबून नाही. माझा ठोकताळा एवढाच: ज्या माणसाशी उद्या-परवा परत गाठ पडणार आहे, त्याला सांगायचं; जो स्टँडवर उतरून जाणार आहे, त्याला सांगायची सक्ती नाही. आणि एखाद्या दिवशी एसटीतल्या बाईलाच सांगावंसं वाटलं, तर तेही सांग. परक्या माणसापाशी कधी कधी जास्त मोकळं बोलता येतं.

ऑफिसात मात्र "एकच" म्हणून चालणार नाही. एक तर पुढचं वाक्य तयारच असतं, "एकच? अगं, त्याला सोबत नको का?" हे ऐकून घास गिळता येत नाही. आणि दुसरं म्हणजे तुझं सेवापुस्तक. ते आस्थापनेच्या टेबलावर पोचलं की नामनिर्देशनाचे कागद कुणीतरी चाळणार, जुनं नाव आणि बदललेलं नाव बघणार, आणि चहाच्या वेळेपर्यंत निम्म्या ऑफिसला कळणार. मग तुझ्यासमोर एकदम आवाज खाली जातात, मुलांच्या शाळेच्या गोष्टी मध्येच तुटतात. त्यापेक्षा आपण आधी सांगितलेलं बरं. निदान आपल्या शब्दांत तरी जातं.

कसं सांगायचं? माझी आजी कसं सांगायची ते सांगते. पडवीत वाल सोलत बसलेल्या बायकांत कुणी नवी आली, तिने विचारलं, की आजी म्हणायची, "मला आठ झाली, पाच आहेत." आवाज बदलायचा नाही, हात थांबायचा नाही. ती नवी बाईसुद्धा लगेच आपलं सांगायची, "मला सहा, चार आहेत." मग पुढे वाल, पाऊस, सुनेचं बाळंतपण. लहानपणी मला वाटायचं या बायकांना काही वाटतच नाही की काय. पुढे कळलं, वाटत होतं. तिच्या पेटीत एक अंगडं होतं, ते आम्हाला हात लावू द्यायची नाही. पण सांगायची सोय मात्र त्या बायकांनी करून ठेवली होती: झाली किती आणि आहेत किती. दोन आकडे, दोन्ही खरे.

ती सोय आता राहिली नाही, त्यालाही कारण आहे. १९७१ साली आपल्या देशात जन्मणाऱ्या हजार बाळांतली १२९ बाळं एक वर्षाची व्हायच्या आत जात. २०२० साली तो आकडा २८ वर आला, महाराष्ट्रात १६. चांगलीच गोष्ट झाली, देवाची कृपा आणि लसीकरणाची, दाईच्या हातून दवाखान्यात गेलेल्या बाळंतपणांची. पण आजीच्या पडवीत ऐकणारीलाही स्वतःचं सांगायला असायचं. तुझ्या ऑफिसात डबा खाणाऱ्या सातजणींपैकी कदाचित एकीच्याही घरात असं झालं नसेल. त्यांना उत्तर माहीत नाही गं. त्या दगडाच्या काळजाच्या नाहीत, त्यांना फक्त कुणी शिकवलेलं नाही.

सरकारलासुद्धा दोन्ही आकडे लागतात, बघ. २०११ च्या जनगणनेत लग्न झालेल्या बायकांबद्दल वेगवेगळे दोन प्रश्न होते: सध्या हयात मुलं किती, आणि आजवर जिवंत जन्मलेली एकूण किती. पण तू नोकरीला लागताना जे लहान कुटुंबाचं प्रतिज्ञापत्र भरलंस ना, २८ मार्च २००५ ची तारीख असलेलं, त्यात फक्त "हयात मुले" विचारतात. तेव्हा तू तिथे दोन लिहिलं होतंस. पुन्हा कधी ते भरायची वेळ आली, तर एक लिहावं लागेल, आणि तो एक लिहिताना पेन अडेल. अडू दे. कागदाला जेवढं हवं तेवढं द्यायचं. माणसांसमोर आजीचा हिशेब वापर: "मला दोन झाली. धाकटा आहे, बालवाडीत जातो. मोठी पाच वर्षांची असताना गेली."

इथपर्यंत सगळ्याच सांगतात. मला तुला सांगायचं आहे ते याच्या पुढचं. हे वाक्य अवघड असतं असं सगळ्यांना वाटतं, आणि पहिल्या खेपेला ते असतंच. पण खरी कोंडी त्याच्या नंतर होते. तू बोलतेस, समोरचीचा हात पोळीच्या तुकड्यासकट थांबतो, कुणीतरी चमचा खाली ठेवतं, आणि सगळ्या तुझ्याकडे बघतात. मग काय होतं माहीत आहे? त्यांची अवघडलेली तोंडं बघून तूच म्हणतेस, "असू द्या हो, जेवा तुम्ही, भाजी गार होतेय." म्हणजे गेलं तुझं लेकरू आणि समजूत तू काढतेस त्यांची. घरी येऊन डोकं धरतं ते यानेच.

म्हणून बातमीनंतरचं वाक्य आपलंच हवं. ते तयार ठेव. ती गेली, याच्यावर थांबायचं नाही. ती कशी होती, याचं एक वाक्य लगेच जोडायचं. एकच, पण ठसठशीत.

माझ्या थोरल्याचं सांगते. आठ वर्षांचा होता तो. त्याला आगगाड्यांचं वेड. नंबर तोंडपाठ. डेक्कन क्वीन मुंबईहून पुण्याला येते तेव्हा १२१२३ आणि सकाळी पुण्याहून सुटते तेव्हा १२१२४, हे मला त्याच्यामुळे माहीत. पाहुणे आले की तो त्यांना आधी विचारायचा, कुठल्या गाडीने आलात, आणि त्यांनी नुसतं "इंटरसिटीने" म्हटलं तर नंबर सांगून त्यांची चूक काढल्यासारखं बघायचा. नव्या सोसायटीत समोरच्या दारातल्या वहिनींना मी हेच सांगितलं. "थोरला होता, आठ वर्षांचा असताना गेला. गाड्यांचे नंबर पाठ होते त्याला." त्या क्षणभर गप्प झाल्या, पण त्यांना हातात धरायला काहीतरी मिळालं. त्यांनी विचारलं, "सगळ्या गाड्यांचे?" म्हटलं, "सगळ्या नाही, पुण्यावरून जाणाऱ्या." बस, इतकंच बोलणं झालं त्या दिवशी. पण पुढे कधीतरी त्या मुंबईहून आल्या, पिशवी खाली ठेवायच्या आधी माझ्या दारात उभ्या, म्हणाल्या, "आज क्वीनने आले. तिकिटावर नंबर बघितला, १२१२३." त्या बाईने त्याला कधी पाहिलेलं नाही. सख्ख्या माणसांनीसुद्धा तोवर त्याचा विषय काढायचं सोडून दिलं होतं.

तर तुझं वाक्य मी तुला सुचवू? जिन्याखालच्या मांजराला तुझी मोठी "तहसीलदार" म्हणायची ते सांग. तू रोज घरी येऊन कुरकुरायचीस ना, आज तहसीलदार जागेवर नव्हते, म्हणून जे कधी जागेवर सापडत नाही त्या मांजराचं तिने ते नाव ठेवलं. हे तिथे सांगितलंस तर एखादी हसेल, आणि मग घाबरून तोंडावर हात ठेवेल. तू आधी हस. तू हसलीस की तिला कळेल, या मुलीबद्दल बोलता येतं.

आणि नाव. नाव कधी सांगायचं हे तुझं तू ठरव. मी पहिल्या भेटीत सांगत नाही. इथे लिहिलं तरी नाही, बघ. ज्याने एक प्रश्न आपणहून विचारला, त्याला मी सांगते. तुला पहिल्याच दिवशी तिचं नाव मोठ्याने घ्यावंसं वाटलं तर घे. काहीजणींना त्यानेच मोकळं वाटतं.

हे सगळं आधी मोठ्याने म्हणून बघ. हसू नकोस. धुणं वाळत घालताना, भांड्यांचा आवाज चालू असताना. किसा गोतमीची गोष्ट आठवते ना? मेलेलं बाळ कडेवर घेऊन बुद्धाकडे गेली, त्याने सांगितलं, ज्या घरात कुणी मेलेलं नाही तिथून मोहरी आण. घर काही सापडलं नाही. मरण कुणाला चुकत नाही, हा तिचा बोध कीर्तनापासून शाळेच्या पुस्तकापर्यंत सगळे सांगतात. मला त्या गोष्टीत दुसरंच दिसतं. मोहरी मागायला ती दारात उभी राहिली की आधी कशासाठी ते सांगावं लागलं असेल. पहिल्या दारात तिला शब्द फुटले नसतील. दहाव्या दारात फुटले असतील. मोहरी मिळाली नाही, पण तोवर "माझं बाळ गेलं" हे तिला म्हणता यायला लागलं असेल. तुझी पहिली एक-दोन दारं घरातच होऊन जाऊ देत.

आता लोक काय म्हणतील, त्याची यादी मी तुला देऊ शकते, पाठ आहे. देवालाही चांगलीच माणसं हवी असतात. तेवढाच ऋणानुबंध होता. मन घट्ट कर. यांना मान डोलवायची आणि डबा पुढे करायचा. जेवणाच्या सुट्टीत कुणाशी तत्त्वज्ञानावर भांडायला बसू नये, पोळ्या वातड होतात. एकाच वाक्याला मी उत्तर देते. "दुसरा आहे ना, आता त्याच्याकडे बघ." त्याला म्हणायचं, "त्याच्याकडे बघतेच हो. पण तो तो आहे आणि ती ती." पुन्हा कुणी म्हणत नाही.

खरा त्रास चौकशीचा. "काय झालं होतं?" असं एकीने विचारलं की तू सांगणार, डेंग्यू. की झालं. प्लेटलेट्स किती होत्या, पपईच्या पानांचा रस नाही का दिलात, आमच्या दिराच्या मुलाला त्यानेच गुण आला, कुठल्या हॉस्पिटलात होतात, तिथे कशाला नेलंत. प्रत्येक प्रश्नाच्या पोटात एकच गोष्ट असते: तुम्ही काहीतरी केलं नाही म्हणून झालं, आम्ही करू, म्हणजे आमच्याकडे होणार नाही. भीतीपोटी बोलतात गं बायका. पण त्यांच्या भीतीची भरपाई तू का करायचीस? तेव्हा सरळ म्हण, "सगळं करून झालं होतं. त्यावर नको बोलूया आता." आणि लगेच मांजराची गोष्ट काढ किंवा धाकट्याची. विषय बदलायचा हक्क ज्याचं दुःख त्याचाच.

ज्यांचं लेकरू अपघातात गेलं, किंवा ज्यांच्या लेकराने स्वतःचं आयुष्य स्वतः संपवलं, त्यांना तर हे उलटसुलट प्रश्न सोलून काढतात. माझ्या ओळखीत एक आहे, तिचा मुलगा तसा गेला. ती नव्या माणसाला "आजारी होता" एवढंच सांगते. आणि ते खरंच आहे. मनाचा आजार हाही आजारच. बाकी कुणालाही सांगायला ती बांधलेली नाही. तुला म्हणून सांगून ठेवते, रात्री-अपरात्री मनात नको ते यायला लागलं तर मला फोन कर, आणि मी उचलला नाही तर १४४१६ लाव. टेलिमानस म्हणून सरकारी सेवा आहे, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. त्यात कमीपणा नाही.

घरातलं एक मिटवून ठेव. तुझा नवरा बाहेर "एकच" सांगतो, आणि तुला ते लागतं, हे तू दोनदा बोलून दाखवलंस. अगं, पुरुषांच्यात विचारणारा पुढे काही विचारतही नाही, क्रिकेटवर जातो. तो विसरला म्हणून सांगत नाही, तिथे त्याला सांगायला जागा नाही. पण दोघं बरोबर असताना एकाने दोन आणि एकाने एक म्हटलं की समोरचा गडबडतो आणि घरी येऊन तुमचं वाजतं. तेव्हा ठरवून टाका: बरोबर असाल तेव्हा तू बोलायचंस, त्याने शेजारी उभं राहायचं.

धाकट्याचं मात्र लगेच बघ. उद्या सकाळी बालवाडीच्या बाईंना बाजूला घेऊन दोन वाक्यांत सांगून टाक. कारण तिथे पहिल्याच महिन्यात घरातल्या माणसांची चित्रं काढायला सांगतात, आणि तो ताईचं काढणार. बाईंना माहीत नसेल तर त्या विचारतील, "ताई कितवीत आहे?" चार वर्षांच्या पोराने त्याला काय उत्तर द्यायचं? माझी लेक चौथीत असताना "माझे कुटुंब" या निबंधात तिने लिहिलं, आमच्या घरी पाच माणसे आहेत. आजी, आम्ही दोघं, ती आणि दादा. वर्गशिक्षिकेला मी आधी सांगितलं होतं म्हणून त्यांनी ते तसंच राहू दिलं, खाली बरोबरची खूण केली. ती वही अजून आहे. पुढे मोठी झाल्यावर तिने तिची रीत शोधली. कॉलेजात नव्या मैत्रिणींना ती लगेच काही सांगत नाही. भाऊ-बहीण कुणी आहे का विचारलं तर "दादा होता" म्हणते आणि बघते, ऐकणारीने ते "होता" ऐकलं का. ज्या ऐकतात त्याच पुढे तिच्या मैत्रिणी झाल्या. तुझ्या धाकट्यालाही त्याचं उत्तर त्याला शोधू दे. आपलं पाठ करून घेऊ नकोस त्याच्याकडून.

फोटोचंही विचारलं होतंस. नव्या घरात लावावा की नाही, आणि लावला तर हार घालावा की नाही. चंदनाचा हार घातला की आलेल्या माणसाला विचारावं लागत नाही, दारातूनच कळतं, पाण्याचा पेला हातात घेताना तो गंभीर होऊन बसतो. काही घरांना ते सोयीचं वाटतं. मला नाही आवडत. माझ्याकडे त्याचा फोटो बाकीच्या फोटोंमध्येच आहे, खडकी स्टेशनवर उभा आहे, तोंडात पेप्सीकोला, शर्टावर नारंगी डाग. लोक विचारतात, "हा कोण, भाचा का?" आणि मला सांगायला मिळतं.

सगळ्यांनाच एवढं सांगायला मिळत नाही, हेही मनात ठेव. जिचं एकुलतं एक गेलं, तिला "मुलं किती" या प्रश्नाला कुठलाच आकडा पुरत नाही. तिने "एक मुलगा होता" एवढं म्हणावं. "नाही" म्हटलं तर डॉक्टरांचे पत्ते आणि नवसाची देवस्थानं सुरू होतात. आणि जिचं बाळ जन्मल्यावर काही दिवसांतच गेलं, तिला तर लोक मोजूच देत नाहीत. "ते काय, नाव तरी कुठे ठेवलं होतं" म्हणतात. आनंदीबाई जोशी चौदा वर्षांच्या होत्या तेव्हा त्यांचं बाळ दहा दिवसांचं होऊन गेलं. पुढे १८८६ साली अमेरिकेतून त्या डॉक्टर झाल्या, त्याच्या मुळाशी त्या दहा दिवसांची सल होती. आज त्यांची गोष्ट सांगताना कुणी ते बाळ वगळत नाही. मग आपल्या शेजारणीचं का वगळायचं?

डॉक्टरांकडे मात्र आडपडदा नको. तिथे "एकच" म्हणायचं नाही. पुढेमागे तुला पुन्हा दिवस राहिले, तर केसपेपरवर डॉक्टर जी, पी, एल अशी अक्षरं आणि पुढे आकडे लिहितील. कितव्यांदा दिवस राहिले, किती बाळंतपणं झाली, हयात किती. त्यांना पहिलीचं सगळं कळायला हवं, आजार काय झाला होता तेही. तिथे रडू आलं तरी चालतं, सांगितलं पाहिजे.

एक कडू गोष्टही आहे, ती लपवत नाही. सांगितल्यावर एखादी मागे सरेल. ऑफिसात कुणाचं डोहाळजेवण निघेल, सगळ्या जणी ओटी भरतील, आणि तुला कुणीतरी हळूच म्हणेल, "तुम्ही बसा ना, दमला असाल." समजायचं ते समजशील तू. मला त्याचा अजून राग येतो. शिकल्यासवरलेल्या बायका, हातात मोबाइल, आणि मनात हे. त्या दिवशी खुशाल उठून यायचं, वाईट वाटून घ्यायचं, मला फोन करायचा. पण हेही बघितलंय मी, की जिची ओटी होती तिनेच हाक मारून म्हटलं, "तुम्ही पहिल्यांदा भरा." आणि सर्वांत साधं बोलली ती आमच्या नव्या घरात भांड्यांना आलेली मावशी. फोटो पुसताना तिने विचारलं, मी सांगितलं, ती म्हणाली, "माझा पण एक गेला ताई. तापानं. तुमच्या याचं नाव काय?" आणि नाव ऐकून, ते एकदा स्वतः म्हणून, फोटो जागेवर ठेवला. माझ्या आजीच्या पडवीतली बाई होती ती.

आणि समज कुणी विचारलंच नाही तर? असंही होतं. आस्थापनेतून कळलेलं असतं, सगळ्या सांभाळून बोलतात, महिने जातात आणि तिचा विषयच निघत नाही. तेव्हा वाट बघत बसू नकोस. तिचा वाढदिवस श्रावणात येतो ना? त्या दिवशी पेढे घेऊन जा. कुणीतरी विचारेलच, "कशाबद्दल हो?" म्हणायचं, "माझ्या मोठीचा वाढदिवस." एखादी पेढा हातात धरून उभी राहील, खावा की नाही कळणार नाही तिला. तू तुझा तोंडात टाक. आणि पाव किलो जास्तच घे. शिपाईमामा नातीसाठी दोन मागून नेतात, प्रत्येक ऑफिसात एक असे असतातच.